पुन्हा आखाड्यात : खाशाबा जाधव

परिचय

मुष्टियुद्ध असो, कराटे असो की कुस्ती, नवशिक्या खेळाडूला सर्वांत आधी भीती वाटते ती मार लागण्याची. ठोसा खाल्ल्यावाचून कोणी मुष्टियोद्धा होत नाही आणि पडल्यावाचून कोणी मल्ल होत नाही. असे असले, तरी या भीतीपायी अनेक जण उंबरठ्यावरूनच परत फिरतात. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातील पहिले ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव यांना मातीत, गादीवर आणि जीवनातही अनेकदा पडण्याला सामोरे जावे लागले. त्यांतील एक महत्त्वाचा प्रसंग मद्रास, म्हणजेच आजच्या चेन्नई शहरात घडला. या पाठात त्यांच्या जीवनाची ओळख करून घेऊ.

मूळ पाठ

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे होते. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. त्यांनी खाशाबांना वयाच्या पाचव्या वर्षीच आखाड्याची ओळख करून दिली.

तालमीतील शिक्षणाची रीतच अशी असते, की तिच्यातून भीती हळूहळू ओसरत जाते. हौद्यातील लाल माती खोऱ्याने उकरून भुसभुशीत केलेली असते. तिच्यात तेल, ताक, हळद मिसळतात. अशा मातीत पडले तर लागते. पण मोठ्या दुखापतीचा धोका कमी होतो. जोर-बैठकांनी मान, खांदे व पाठ कणखर होतात. मग वस्तादाच्या नजरेखाली थोरला जोडीदार धाकट्याला पाडतो, धाकटा उठतो आणि पुन्हा भिडतो. पडताना अंग ताठ ठेवले तर मार अधिक बसतो. हात टेकून सावरायला गेले तर मनगट दुखावते. अंग सैल सोडून मातीला टेकले तर मार विभागला जातो. हे सारे सांगून कळत नाही; ते अंगवळणी पडावे लागते. दिवसातून वीस वेळा पडणाऱ्या मुलाला एकविसाव्या पडण्याचे भय उरत नाही. खाशाबांचे बालपण अशाच शिकवणीत गेले.

त्यांचे माध्यमिक शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. त्याच काळात १९४२ च्या चले जाव चळवळीतील भूमिगत कार्यकर्त्यांना त्यांनी साहाय्य केले. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीचे माहेरघर. तेथे त्यांना बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांचे मार्गदर्शन लाभले. खाशाबांची चण लहान होती. त्यांच्याहून धिप्पाड मल्ल पुष्कळ होते. परंतु चपळाई आणि डावांची जाण यांच्या बळावर ते त्यांना भारी पडत. ढाक हा त्यांचा आवडता डाव होता.

१९४८ मध्ये लंडन येथे ऑलिंपिक स्पर्धा भरल्या. कोल्हापूरच्या महाराजांनी खाशाबांच्या प्रवासाच्या खर्चाचा भार उचलला. मातीत वाढलेल्या या मल्लापुढे तेथे मऊ गादी होती, निराळे नियम होते आणि मिनिटांचा व गुणांचा हिशेब होता. पाय रोवायला माती नव्हती. ज्या जमिनीवर पडण्याचा सराव नाही, तेथे सराईत मल्लाचेही पाऊल अडखळते. रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकांनी त्यांना गादीवरच्या कुस्तीचे धडे दिले. खाशाबांनी ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका या देशांच्या मल्लांना हरवले. इराणच्या मन्सूर रईसीपुढे मात्र ते पराभूत झाले आणि फ्लायवेट गटात सहावे आले. परत येताच पुढील ऑलिंपिक डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी अधिक कसून मेहनत सुरू केली आणि आपला वजनगटही वाढवला.

हेलसिंकी ऑलिंपिकपूर्वी मद्रास येथे राष्ट्रीय स्पर्धा झाल्या.  तेथे पंचांनी खाशाबांना एक गुण कमी दिला. त्या एका गुणामुळे ऑलिंपिकचे दार बंद होण्याची वेळ आली. आपल्यावर अन्याय झाला, अशी खाशाबांची खात्री होती. चार वर्षांची मेहनत घरापासून इतक्या दूरच्या शहरात वाया जाताना पाहून एखादा निराश होऊन गावी परतला असता. खाशाबांनी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष, पतियाळाचे महाराज यादवींद्रसिंग यांच्याकडे दाद मागितली.

त्यांची मागणी पुन्हा कुस्ती लावण्याची होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. तसे करण्यात मोठा धोका होता. पहिल्या पराभवाला निदान अन्यायाचा आधार होता. दुसऱ्या वेळी पाठ मातीला लागली असती, तर तो आधारही गेला असता आणि तक्रारखोर म्हणून हसे झाले असते. तरीही खाशाबा पुन्हा कुस्तीसाठी उभे राहिले. या वेळी त्यांनी प्रश्न गुणांवर सोडलाच नाही. प्रतिस्पर्ध्याला त्यांनी चीत केले आणि हेलसिंकीसाठी त्यांची निवड झाली.

आता अडचण पैशांची होती. गावकऱ्यांनी वर्गणी जमवली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. एका विद्यार्थ्यासाठी गुरूने पत्करलेला हा धोकाही लहान नव्हता.

१९५२ च्या जुलै महिन्यात हेलसिंकी येथे बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी यांच्या मल्लांवर मात केली. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी त्यांची झुंज दीर्घ काळ चालली आणि ती ते थोडक्यात हरले. लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्ह यांच्याशी लढावे लागले. दोन कुस्त्यांमध्ये विश्रांती मिळण्याचा नियम होता. पण ती बाजू मांडायला भारताचा कोणी पदाधिकारी जवळ नव्हता. थकलेले खाशाबा ही कुस्तीही हरले. २३ जुलै १९५२ रोजी त्यांना कांस्यपदक मिळाले. यानंतर भारताला वैयक्तिक खेळातील दुसरे पदक मिळण्यासाठी १९९६ साल, म्हणजे ४४ वर्षे, वाट पाहावी लागली.

खाशाबा परतले तेव्हा १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सत्काराचा गुलाल ओसरताच त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः त्यांत उतरले आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवले.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या गंभीर दुखापतीमुळे पुढील ऑलिंपिकची वाट मात्र बंद झाली. धैर्याने दुखापत टळत नाही, हेही त्यांच्या जीवनातून दिसते. पुढे त्यांनी प्रामाणिकपणे नोकरी केली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता-अपघातात त्यांचे निधन झाले. हयातीत त्यांच्या वाट्याला मोठे शासकीय सन्मान आले नाहीत. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला २०१० मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

खाशाबांच्या पदकाची कथा सर्वांना ठाऊक आहे; मद्रासची कथा तितकी परिचित नाही. पदकाचा मार्ग मात्र मद्रासवरूनच गेला. बालपणी गोळेश्वरच्या मातीत पडून उठण्याची जी सवय त्यांना जडली, तीच तेथे त्यांच्या कामी आली.

विचार करा व लिहा

१. तालमीत पडण्याची भीती कोणत्या रीतीने कमी होते?
२. मद्रासच्या स्पर्धेनंतर पुन्हा कुस्तीची मागणी करण्यात कोणता धोका होता?
३. एखादे काम भीतीपोटी सोडून दिल्याचा आणि नंतर पुन्हा हाती घेतल्याचा तुमचा अनुभव आठ-दहा ओळींत लिहा.