डॉ. द्वारकानाथ कोटणीस

विद्यार्थी मित्रांनो, सोलापूर हे नाव घेतले की तुम्हांला तेथील चादरी आठवत असतील. याच सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० रोजी एका मध्यमवर्गीय मराठी कुटुंबात एक मुलगा जन्माला आला. त्याची समाधी मात्र सोलापुरात नाही, भारतातही नाही. ती हजारो मैल दूर चीनमध्ये आहे आणि तेथील लोक आजही तिच्यावर फुले वाहतात. असे का, ते आता पाहू.

या मुलाचे नाव द्वारकानाथ शांताराम कोटणीस. त्यांनी मुंबईच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि ते डॉक्टर झाले. पुढे आणखी शिकावे, असे त्यांच्या मनात होते.

त्या वेळी जगात अशांतता होती. १९३७ साली जपानने चीनवर मोठा हल्ला केला. चीनमध्ये जखमी सैनिकांची संख्या वाढत होती, पण डॉक्टर आणि औषधे फार थोडी होती. चीनचे सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंकडे मदत मागितली. भारत स्वतःच तेव्हा पारतंत्र्यात होता. तरीही १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, निधी जमवला आणि एक वैद्यकीय पथक पाठवण्याचे ठरले.

या पथकात पाच डॉक्टर होते. अलाहाबादचे डॉ. अटल हे पथकाचे प्रमुख होते. त्यांच्याबरोबर नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस होते. नागपूरच्या मुलांनो, तुमच्या शहरातील एक डॉक्टरही या कामासाठी समुद्रापार गेला होता, हे लक्षात ठेवा. सप्टेंबर १९३८ मध्ये हे पथक मुंबईहून बोटीने निघाले. चीनमध्ये या डॉक्टरांनी आपल्या नावांना 'हुआ' हा शब्द जोडला. हुआ म्हणजे चीन. कोटणीस तेथे 'के दिहुआ' झाले.

चीनमध्ये असतानाच कोटणीसांना वडिलांच्या मृत्यूची बातमी कळली. तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते? घरी आई होती, भावंडे होती. परत जाण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता आणि कोणी त्यांना दोष दिला नसता. पण समोर जखमी माणसे होती. कोटणीसांनी दुःख गिळले आणि ते पुढे निघाले. फेब्रुवारी १९३९ मध्ये ते येनानला पोहोचले.

पथकातील इतर डॉक्टर पुढे एकेक करून मायदेशी परतले. कोटणीस मात्र राहिले. ते उत्तर चीनमधील लढाईच्या भागात गेले. तेथे डोंगराळ वाटा, कडाक्याची थंडी आणि शत्रूचा वेढा होता. आज येथे तर उद्या तेथे, असे रुग्णालय हलवावे लागे. १९४० साली एका मोठ्या लढाईत त्यांनी सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या. त्या मोहिमेत त्यांच्या पथकाने ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले.

याच भागात कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी सेवा केली होती. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, जखम चिघळली आणि १९३९ साली ते वारले. त्यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ साली कोटणीसांना मिळाले. ते नुसते उपचार करून थांबले नाहीत. ते चिनी भाषा शिकले, त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले आणि शस्त्रक्रियेवर पुस्तकही लिहू लागले. परकी भाषा शिकताना किती कष्ट पडतात, हे तुम्हांला सांगायला नकोच!

त्याच वर्षी त्यांनी ग्वो चिंगलान या परिचारिकेशी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव 'यिनहुआ' ठेवले. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. दोन देश एका नावात आले.

पण अतिश्रमाने कोटणीसांची प्रकृती ढासळली होती. त्यांना फेफऱ्याचे झटके येत. दूर जाऊन उपचार घ्या, असे सहकाऱ्यांनी सुचवले. त्यांनी काम सोडले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे ३२ वर्षांचे होते आणि मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. त्यांचे पुस्तक अपुरेच राहिले.

मौलाना हाली यांच्या घराण्यातील लेखक ख्वाजा अहमद अब्बास यांनी कोटणीसांच्या जीवनावर पुस्तक लिहिले. त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. चीनमध्ये शिजियाजुआंग येथील हुतात्मा स्मारकात कोटणीसांची आणि बेथ्यूनची समाधी आहे. सोलापुरातील त्यांच्या घरीही स्मारक झाले आहे.

मित्रांनो, पुढे भारत आणि चीन यांच्यात १९६२ साली युद्ध झाले. तरी कोटणीसांचे नाव दोन्हीकडे आदराने घेतले जाते. जखमी माणसाची जात, धर्म किंवा देश त्यांनी विचारला नाही. त्याला वेदना होत आहेत, एवढेच त्यांना पुरेसे होते.

स्वाध्याय
१. भारतीय वैद्यकीय पथक चीनला का पाठवण्यात आले?
२. 'यिनहुआ' या नावाचा अर्थ सांगा.
३. वडिलांच्या निधनानंतरही कोटणीस परत का आले नाहीत? तुमचे मत पाच वाक्यांत लिहा.