आनंदीबाईंचं इंग्रजी

आनंदीबाई जोशी पहिल्या स्त्री डॉक्टर, एवढंच आपण शाळेत घोकलं. मला मात्र त्यांचं इंग्रजी शिकणंच फार मोठं वाटतं. १८६५ सालचा जन्म, नवव्या वर्षी लग्न. पोस्टात नोकरी करणारे गोपाळराव शिकवायचे. अभ्यास सोडून ती स्वयंपाकात रमली की चिडायचे, मारायचेसुद्धा. त्यांचं कौतुक करताना हे आपण सोयीस्कर विसरतो! चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं.

त्याच इंग्रजीतून पत्रं लिहीत आनंदीबाईंनी अमेरिकेतल्या कार्पेंटरबाईंना मावशी केलं आणि १८८३ मध्ये नवऱ्याला मागे ठेवून बोटीत बसल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्र, रसायनशास्त्र, सगळं परक्या भाषेत. रसायनशास्त्र तर खुद्द प्राचार्या रेचल बॉडलींचा विषय. आपल्या मुली आजही आधी 'ऑक्सिडेशन' या शब्दालाच अडतात, रसायन राहतं बाजूला. आनंदीबाई त्यातून तरल्या. मार्च १८८६ ला पदवी मिळाली, समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

कोल्हापूरच्या हॉस्पिटलात नेमणूकही झाली होती. पण क्षयानं गाठलं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या, वय एकवीस. रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी त्यांच्या घराण्याच्या दफनभूमीत ती पुरली आहे.