बँकेच्या बदल्यात पुस्तकं

घरचा धंदा सोडून आर्ट्स कशाला? तुमच्यापैकी कुणाला तरी हा प्रश्न नक्की ऐकावा लागला असेल. मी मास कॉम घेतलं तेव्हा मलाही ऐकावा लागला. म्हणून आज आबी वारबुर्गची गोष्ट.

१८६६ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बर्गला, एका गडगंज ज्यू बँकर घराण्यात तो जन्मला. थोरला मुलगा, म्हणजे बँक त्याचीच. पण तेराव्या वर्षी त्याने धाकट्या मॅक्सशी सौदा केला, असं घरचे सांगत. बँक तू सांभाळ, मला फक्त हवी तेवढी पुस्तकं घेऊन दे. मॅक्सला वाटलं, पुस्तकं ती अशी किती लागणार? लागली जवळपास ६०,०००!

आबी शिकला कलेचा इतिहास. बोत्तिचेल्लीच्या चित्रांत केस आणि वस्त्रं वाऱ्यावर उडतात, ती लकब प्राचीन ग्रीक-रोमन कलेतून कशी आली, यावर त्याने प्रबंध लिहिला. एक चित्र समजायचं तर ज्योतिष, धर्म, जादूटोणा सगळंच वाचावं लागतं, असं त्याचं म्हणणं. लायब्ररीही तशीच लावलेली. तुम्ही एक पुस्तक शोधायला जायचं आणि खरं उत्तर शेजारच्या पुस्तकात मिळायचं.

१९१८ मध्ये, महायुद्ध संपताना, त्याचं मन कोलमडलं. पुढची वर्षं मनोरुग्णालयांत गेली. १९२३ मध्ये तिथेच, डॉक्टर आणि रुग्णांसमोर, त्याने अमेरिकेतल्या प्युब्लो लोकांच्या सर्पविधीवर व्याख्यान दिलं. आपलं डोकं अजून चालतं, हे त्याला दाखवायचं होतं. पुढच्याच वर्षी तो घरी आला.

तोवर फ्रिट्झ झाक्सल या तरुण अभ्यासकाने लायब्ररी नुसती सांभाळली नव्हती, तर तिची संशोधन संस्था केली होती. एर्विन पानोफ्स्कीसारखे तरुण तिथे घडले. सगळा खर्च वारबुर्ग कुटुंबाचा.

१९२९ मध्ये आबी गेला. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले, तेव्हा ही पुस्तकं बोटीने लंडनला हलवली गेली आणि वाचली. आज तिथल्या वारबुर्ग इन्स्टिट्यूटमध्ये तरुण संशोधकांना फेलोशिप मिळते.

तुमच्या घरी पुन्हा तो प्रश्न निघाला, तर आबीबद्दल सांगाच. पण मॅक्सबद्दल आधी सांगा. भावाच्या वेडावर पैसे लावणारा तोच तर होता!