माहितीला यंत्राची भाषा देणारे हॉलरिथ

बँकेच्या शेकडो शाखांतील व्यवहारांची माहिती मध्यवर्ती भांडारात साठविताना ती जशीच्या तशी ठेवून भागत नाही. ती गोळा करावी लागते, एका साच्यात बसवावी लागते, सदोष नोंदी वेगळ्या काढाव्या लागतात. संगणक अवतरण्यापूर्वी सुमारे अर्धशतक हाच क्रम पुठ्ठ्याच्या कार्डांवर यशस्वी करून दाखविणारे अभियंते म्हणजे हर्मन हॉलरिथ.

त्यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८६० रोजी अमेरिकेतील बफेलो येथे, जर्मनीतून आलेल्या कुटुंबात झाला. १८७९ मध्ये कोलंबियाच्या खाणकाम विद्यालयातून पदवी घेऊन ते जनगणनेच्या कामावर रुजू झाले. १८८० च्या त्या गणनेत पाच कोटी लोकांच्या नोंदी कारकून हाताने मोजत होते. प्रत्येक नव्या प्रश्नासाठी तेच कागद पुन्हा चाळावे लागत. साहजिकच हे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. ते यंत्राने करता येईल, ही कल्पना जॉन शॉ बिलिंग्ज या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी सुचविली आणि हॉलरिथ यांनी ती ध्यास म्हणून स्वीकारली.

प्रारंभी त्यांनी कागदाच्या लांब पट्टीवर छिद्रे पाडून पाहिली. पण एक नोंद शोधण्यासाठी सारी पट्टी उलगडावी लागे. तेव्हा त्यांनी प्रत्येक व्यक्तीसाठी स्वतंत्र कार्ड योजले. वय, लिंग, जन्मस्थान, व्यवसाय यांना कार्डावर ठराविक जागा दिल्या. यंत्रातील टाचण्या छिद्रांतून खालच्या पाऱ्याला टेकल्या की विद्युतमंडल पूर्ण होई आणि तबकडीवरील काटा पुढे सरके. कार्डाची नोंद झाली की घंटा वाजे; ती न वाजल्यास कारकून ते कार्ड बाजूला काढून तपासत.

१८८९ मध्ये तीन पद्धतींची स्पर्धात्मक चाचणी झाली. माहिती उतरविण्यास हॉलरिथ यांच्या पद्धतीला साडेबहात्तर तास लागले, तर इतर दोघांना साडेशंभर व साडेएकशेचव्वेचाळीस. तक्ते करण्याचे काम मात्र त्यांनी साडेपाच तासांत उरकले. इतरांना साडेचव्वेचाळीस व साडेपंचावन्न तास लागले. यंत्राचे खरे सामर्थ्य या दुसऱ्या टप्प्यात होते. माहिती एकदा कष्टाने नीट भरली की तिला हवे तितके प्रश्न विचारता येत होते. १८९० च्या जनगणनेत सहा कोटींहून अधिक लोकांची मोजणी याच पद्धतीने झाली.

१८९६ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. यंत्रे ते विकत नसत, भाड्याने देत. पुढे या भाड्यावरूनच जनगणना कार्यालयाशी त्यांचे बिनसले. कार्यालयाने स्वतःची यंत्रे विकसित केली आणि १९१० च्या गणनेत हॉलरिथ यांना स्थान उरले नाही. ज्या कामासाठी त्यांनी तारुण्य वेचले होते, तेच हातचे गेले. १९११ मध्ये त्यांची कंपनी इतर कंपन्यांत विलीन झाली. १९२४ मध्ये त्या संस्थेने आयबीएम हे नाव धारण केले. १७ नोव्हेंबर १९२९ रोजी वॉशिंग्टन येथे हॉलरिथ यांचे निधन झाले.

छिद्रांची कार्डे केव्हाच इतिहासजमा झाली. त्यांनी घालून दिलेली शिस्त मात्र टिकली आहे आणि तिची मर्यादाही. राहून गेलेले छिद्र यंत्राला कळे. चुकीच्या जागी पडलेले बहुधा कळत नसे. त्यासाठी कार्ड भरणाऱ्या माणसाच्या दक्षतेवरच विसंबावे लागे.