टाळमृदंगाच्या साथीने : रेव्हरंड नारायण वामन टिळक

टाळमृदंगाचा नाद ज्याच्या कानी लहानपणी पडला नाही असा माणूस आपल्या मराठी मुलखात विरळाच. हा नाद देवळातून आणि वारीच्या वाटेवरून उचलून ख्रिस्ती उपासनामंदिरात नेणाऱ्यांमध्ये एका कवीचे नाव सर्वांत वर घ्यावे लागते. शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून आपण त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. परंतु रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे भजनकार्य आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण घराण्यात झाला. आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असणारी होती. तिच्या अकाली निधनानंतर हा मुलगा घर सोडून नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याने संस्कृतचे अध्ययन केले. १८८० साली त्यांचा विवाह झाला. त्यांच्या पत्नी म्हणजेच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठी वाङ्मयात अजरामर झालेल्या लक्ष्मीबाई टिळक. टिळकांचा स्वभाव भटका होता. आज या गावी शिक्षक, तर उद्या त्या गावी कीर्तनकार, असा त्यांचा संसार चालला होता.

१८९३ च्या सुमारास आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचन वाचून टिळकांच्या मनाचा ठाव सुटला. बऱ्याच मानसिक संघर्षानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या काळी या निर्णयाची किंमत केवढी होती याची आज आपल्याला कल्पना करवत नाही. नातलग दुरावले, जातीने टाकले, पत्नीशी काही वर्षे ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला त्यांच्याकडे परतल्या आणि यथावकाश त्यांनी स्वतःच्या विचाराने तो धर्म स्वीकारला.

येथूनच टिळकांच्या खऱ्या कार्याला आरंभ झाला. त्या काळी मंडळीत गायली जाणारी बरीचशी गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे होती आणि ती विलायती चालींवर गायली जात. इंग्रजी गीताची चाल शब्दांवरील आघातावर चालते, मराठी पद्य ऱ्हस्व-दीर्घावर किंवा अक्षरांच्या मोजणीवर चालते. त्यामुळे परक्या चालीत बसवताना मराठी शब्दाची ओढाताण होई. भलताच ऱ्हस्व लांबे, भलताच दीर्घ तुटे. नगर जिल्ह्यातील मंडळीत गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून आलेले कितीतरी लोक निरक्षर होते. पुस्तक त्यांना वाचता येत नसे आणि ही चालही त्यांच्या गळ्यात बसत नसे.

टिळकांनी यावर अगदी घरचा उपाय योजला. त्यांनी अभंग घेतला. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा असतो. दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचे यमक जुळते आणि आखूड चौथा चरण श्वासाला विसावा देतो. ध्रुपद एकाने म्हणावे, सर्वांनी झेलावे. दोन आवर्तने झाली की ते पाठ होते. पुस्तकाची गरजच उरत नाही! त्यांनी अभंग, पदे, भजने मिळून शंभराहून अधिक भक्तिगीते रचली. त्यांच्याआधी अहमदनगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी देशी चालीची पदे आणि ख्रिस्ती कीर्तने यांचा पाया घातला होता. त्यावर टिळकांनी प्रतिभेचे मंदिर उभारले. आजही मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांचा वाटा फार मोठा आहे. निकोल मॅक्निकल यांनी त्यांतील काहींचे इंग्रजी भाषांतर केले. ज्या इंग्रजीतून गीते आपल्याकडे आली होती, तिच्याकडे मराठी भजन उलट पाहुणे म्हणून गेले!

अशी देवाणघेवाण पाहायला आम्हा नसरापूरकरांना लांब जावे लागत नाही. आमच्या बनेश्वराच्या देवळात एक मोठी पंचधातूची घंटा आहे. तिच्यावर क्रूस आणि १६८३ हे साल कोरलेले आहे. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेतून ती आणली असे सांगितले जाते. ती घंटा युद्धातून आली. टिळकांचा मृदंग मात्र कोणालाही न जिंकता पलीकडे गेला.

तुकोबांना तर टिळकांनी कधीच अंतर दिले नाही. तुकोबांच्या अभंगांवरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो अशी त्यांची श्रद्धा होती. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात चमकलेल्या बालकवी ठोमरे यांना त्यांनी आपल्या घरी मुलाप्रमाणे वाढवले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी हाती घेतले होते. ते अपुरे राहिले आणि पुढे लक्ष्मीबाईंनी त्यात साठाहून अधिक अध्यायांची भर घातली. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी व पगार सोडला आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाही तेथे सारखेच स्थान होते. हे स्वप्न पुरते फुलण्याआधीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांची प्राणज्योत मालवली.

विद्यार्थी मित्रहो, टिळकांच्या धर्मांतराविषयी कोणाचे काय मत असावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण त्यांच्या चरित्रातील एक गोष्ट आपल्यासारख्यांना फार जवळची आहे. आपल्यातील कित्येकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारे आपणच पहिले. नवे ज्ञान मिळाले की जात्यावरची ओवी, आजीचे बोलणे, घरचा हेल हे सारे गावंढळ वाटू लागते. नवे घ्यायचे तर जुने टाकलेच पाहिजे, असे आपण धरून चालतो. टिळकांनी तर धर्मच बदलला. एवढा मोठा बदल पचवूनही त्यांनी आईची भाषा, संतांचा छंद आणि लोकांचा ताल सोडला नाही. उलट नवे सांगण्यासाठी तेच त्यांच्या कामी आले. परके शब्द घोकणाऱ्या मंडळीला त्यांनी स्वतःच्या आवाजात गायला लावले. शिकलेल्या माणसाने आपल्या लोकांसाठी याहून मोठे काय करावे?

अशा या थोर भक्तकवीच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन!

(द्वितीय वर्ष कला)