रेमाँ साबूरो

रेमाँ साबूरो (२४ नोव्हेंबर १८६४, नांत – ४ फेब्रुवारी १९३८, पॅरिस) हे फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ व वैद्यकीय कवकशास्त्राच्या प्रवर्तकांपैकी एक होते. रुग्णाच्या नमुन्यातून कवक आणि यीस्ट वाढविण्याचे ‘साबूरो आगर’ हे माध्यम त्यांच्याच नावाने ओळखले जाते. ते शिल्पकारही होते.

पॅरिसच्या सँ-लुई रुग्णालयात डोक्यातील गजकर्णाची मुले येत. रोग संसर्गजन्य असल्याने इतर शाळांची दारे त्यांना बंद असत. म्हणून रुग्णालयातच त्यांची शाळा भरे. या रोगाचे कारण कवक आहे, हे डेव्हिड ग्रूबी यांनी १८४०च्या दशकात दाखविले होते, परंतु ते विस्मृतीत गेले. साबूरो यांनी १८९२पासून ते स्वतंत्रपणे पडताळले आणि श्रेय ग्रूबींना दिले, हे विशेष.

कामातली खरी अडचण निराळीच होती. साखर किंवा पेप्टोन बदलताच एकाच कवकाचे रूप पालटे आणि एकाच जातीला दोन नावे पडण्याचा धोका राही. त्यावर त्यांनी माल्टोज, पेप्टोन व आगर यांचे ठरावीक प्रमाणाचे माध्यम निश्चित केले. ते आम्लधर्मी असल्याने पुष्कळशा जिवाणूंची वाढ मंदावते. माल्टोजऐवजी आज बहुधा डेक्स्ट्रोज वापरतात. ‘ले तेन्य’ हा त्यांचा बृहद्ग्रंथ १९१०मध्ये प्रसिद्ध झाला.

१९०४मध्ये त्यांनी क्ष-किरणांनी केस गळवून हा रोग बरा करण्याची पद्धत मांडली. किरणांची मात्रा रंग बदलणाऱ्या लहान चकतीवरून मोजली जाई. दीर्घकाळ चालणारा उपचार काही महिन्यांवर आला. मात्र याच पद्धतीने पुढे अनेक देशांत उपचार झालेल्या मुलांमध्ये मोठेपणी मेंदू व अवटू ग्रंथींच्या अर्बुदांचे प्रमाण वाढलेले आढळले. ग्रिसिओफल्विन हे पोटात घेण्याचे औषध १९५८च्या सुमारास आल्यावर ही पद्धत मागे पडली.

तोंडात किंवा योनिमार्गात संसर्ग करणाऱ्या कँडिडा अल्बिकन्स या यीस्टची रोगकारक जनुके आज पीसीआरने शोधतात. त्यासाठी रुग्णाचा नमुना प्रथम साबूरो माध्यमावर वाढवून शुद्ध संवर्ध मिळविण्याची रीत रूढ आहे. पेशींना चिकटणारी व प्रथिनांचे विघटन करणारी द्रव्ये घडविणारी जनुके त्यांत येतात. तथापि हे यीस्ट निरोगी माणसाच्या तोंडातही असते. त्यामुळे जनुक सापडले म्हणजे रोग आहेच, असे ठरत नाही. शिवाय परिस्थितीनुसार गोल पेशींचे लांब तंतू होतात आणि कार्यरत जनुकेही बदलतात. म्हणून दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष ताडून पाहायचे, तर माध्यम एकच असावे लागते.