रूझवेल्ट आणि माझे पाय

मराठी विभागासाठी काहीतरी लिही असं सांगण्यात आलं, तेव्हा मला हसूच आलं. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, त्यामुळे माझं ऱ्हस्व-दीर्घ कसं आहे हे अख्ख्या होस्टेलला ठाऊक आहे! पण ज्या माणसाबद्दल लिहिणार आहे, त्याची गोष्ट मी एकदा मराठीतूनच सांगितलेली आहे. हॉस्पिटलच्या कॉटवरून, माझ्या आजीला. म्हणून हिंमत करते. चुका पदरात घ्या.

गेल्या वर्षी मी एक अख्खी टर्म गायब होते, ते का, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. साधा व्हायरल ताप आला आणि गेला. दहा-बारा दिवसांनी तळपायांना मुंग्या यायला लागल्या. आठवड्याच्या आत होस्टेलचा जिना चढवेना, मग शर्टाचं बटणही लावता येईना. निदान झालं जीबीएस. तापाशी लढायला निघालेली शरीराची फौज चुकून आपल्याच नसांवर तुटून पडते आणि त्यांच्यावरचं आवरण खराब करते. इलेक्ट्रिकलवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर वायर आहे, इन्सुलेशन गेलं. औषधं संपल्यावर उरतात ते महिनोन्महिन्यांचे व्यायाम. त्या दिवसांत फिजिओच्या मॅडमनी मला फ्रँकलिन रूझवेल्टचं जाडजूड इंग्रजी चरित्र वाचायला दिलं. मी दिवसा वाचायचे आणि संध्याकाळी आजीला सांगायचे.

रूझवेल्टचा जन्म ३० जानेवारी १८८२ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कचा. घर श्रीमंत, आईचा एकुलता एक मुलगा. वकील झाला, पहिल्या महायुद्धात नौदल खात्याचा सहायक सचिव होता, १९२० साली उपाध्यक्षपदाची निवडणूक लढवून हरला. हरला तरी नाव झालं होतं.

ऑगस्ट १९२१. कॅनडातल्या कॅम्पोबेलो बेटावर कुटुंबाबरोबर सुट्टी चालली होती. एका दिवसात बोट चालवणं, वणवा विझवणं आणि थंड पाण्यात पोहणं सगळं झालं. ओल्या कपड्यांतच टपाल वाचत बसला आणि हुडहुडी भरली. दुसऱ्या दिवशी एक पाय लटका पडला, मग दुसरा. बघता बघता कमरेखालचं सगळं गेलं. वय ३९! आधी आलेल्या एका नामांकित सर्जनला वाटलं रक्ताची गाठ असावी, म्हणून जोराने मालीश करायला सांगितलं. पत्नी एलिनॉर आणि मित्र लुई हाऊ यांनी ते इमानदारीने केलं, आणि पेशंटला भयंकर दुखलं. शेवटी बोस्टनच्या डॉ. लव्हेट यांनी पोलिओ असल्याचं सांगितलं. २००३ मध्ये काही संशोधकांनी जुन्या नोंदी तपासून, हा पोलिओ नसून जीबीएस असण्याची शक्यता जास्त आहे असं मांडलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही. पण मी ते वाचलं तेव्हा कॉटवर उठून बसले, एवढं खरं.

पुढची सात वर्षं या माणसाने मुख्यतः पाय परत मिळवण्यात घातली. मांडीमागचे स्नायू आखडले तेव्हा पायांना प्लास्टर घालून, त्यात पाचरी ठोकत ठोकत पाय सरळ केले. मग कमरेपासून टाचेपर्यंत पोलादी ब्रेसेस आल्या. वजन दहा पौंड, म्हणजे साडेचार किलो. आई म्हणत होती, आता हाइड पार्कला येऊन आराम कर. एलिनॉर आणि हाऊ म्हणत होते, काम सोडू नकोस. (माझ्या आजीचं मत आईच्या बाजूने होतं.) तो मात्र कुबड्या घेऊन घरापासून फाटकापर्यंतचा रस्ता चालायचा प्रयत्न रोज करायचा. पाव मैल. तो त्याला कधीच पूर्ण जमला नाही.

१९२४ मध्ये त्याला जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्जच्या झऱ्यांबद्दल कळलं. पाणी साधारण ३१ अंशांचं, कोमट. त्या पाण्यात तो छातीपर्यंत बुडून ब्रेसेसशिवाय उभा राहू शकायचा. जादू नाही, आर्किमिडीज! १९२६ मध्ये आपली बरीचशी संपत्ती ओतून त्याने ती जागाच विकत घेतली आणि पुढच्या वर्षी तिथे इतर रुग्णांसाठी संस्था काढली. तिथे एकेक स्नायू तपासून व्यायाम ठरवले जायचे. मात्र तिथे कृष्णवर्णीय रुग्णांना प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी टस्कगीला वेगळं केंद्र निघायला १९४१ उजाडलं. हे ऐकून आजी बराच वेळ गप्प होती.

आता मेकॅनिकलवाल्यांनो, ऐका. ब्रेसचं गुडघ्याचं लॉक लावलं की पाय म्हणजे ताठ खांब. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने मुलाचा दंड घट्ट पकडायचा आणि कंबरेच्या झटक्याने एकेक पाय पुढे टाकायचा. लांबून चालल्यासारखं दिसतं. १९२४ च्या पक्ष अधिवेशनात भाषणाला जाण्याआधी त्याने एकाला पुढे पाठवून, ते व्यासपीठाचं स्टँड आपलं वजन पेलेल का हे हलवून बघायला लावलं. लोड टेस्ट! घरात वापरायला साध्या खुर्चीला चाकं लावून अरुंद व्हीलचेअर केली. गाडीला क्लच-ब्रेकसाठी हातांनी ओढायचे दांडे बसवून घेतले. आग लागली तर काय, म्हणून खुर्चीतून उतरून सरपटत जायचा सरावही केला. याला आज ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. माझ्या ओटीच्या मॅडम मला राजमा आणि मूग वेगळे करायला बसवायच्या, पेन्सिलीला जाड रबर गुंडाळून रेघा मारायला लावायच्या, ते हेच.

आजी रोज एकच विचारायची, मग शेवटी चालला का गं तो?

नाही, आजी. १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदासाठी गळ घातली गेली, तेव्हा त्याला पायांसाठी अजून वर्ष-दोन वर्षं हवी होती. त्याने निवडणूक लढवली. पाय तिथेच राहिले, माणूस पुढे गेला. १९३२ पासून चार वेळा अमेरिकेचा अध्यक्ष झाला, मंदीशी लढला, दुसरं महायुद्ध लढला. लोकांपुढे व्हीलचेअर शक्यतो लपवली. मार्च १९४५ मध्ये मात्र संसदेत बसून भाषण केलं आणि ब्रेसेसच्या वजनाचा उल्लेख उघडपणे केला. १२ एप्रिल १९४५ ला वॉर्म स्प्रिंग्जलाच गेला. त्याने १९३८ मध्ये काढलेल्या फाउंडेशनच्या पैशातून पुढे साल्कची पोलिओ लस झाली. ती परिणामकारक असल्याचं जाहीर झालं १२ एप्रिल १९५५ ला, बरोबर दहा वर्षांनी.

जीबीएसमध्ये बहुतेकांचे पाय परत येतात. माझेही आले, डावा पाऊल सोडून. बुटात स्प्लिंट आहे. कधी बरी होणार, हा प्रश्न मला कॅन्टीनमध्ये रोज विचारतात. आधी मी तारखा सांगायचे. आता सांगते की सबमिशन वेळेत झालं, व्हायवा झाला, ड्रॉइंग स्वतःच्या हाताने काढलं. या टर्मचा हिशोब एवढाच.

आणि एक विनंती, स्टाफ आणि सिव्हिलच्या मित्रांना. आपल्या लायब्ररीला अकरा पायऱ्या आहेत आणि कठडा फक्त उजव्या बाजूला. चढताना तो माझ्या चांगल्या बाजूला असतो. उतरताना मात्र डाव्या बाजूला यावा लागतो, तेव्हाच समोरून बॅच वर येत असते. दुसऱ्या बाजूला एक पाइप लावता येईल का? डिझाइन मी देते, लोड टेस्टसकट.